सहाशे ग्रॅम कुठून आले?

मी दारमोको. अख्ख्या मदियून शहरात माझ्याएवढा बारकाईनं पाहणारा माणूस दुसरा नाही. हे मलाच सांगावं लागतं, कारण बाकीच्यांचं निरीक्षण कच्चं असल्यामुळे त्यांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही. चौतीस वर्षं मी रेल्वेत तिकीट तपासनीस होतो. एका गृहस्थाला तर मी नुसत्या घोरण्यावरून पकडलं होतं. खरा झोपलेला माणूस श्वास घेताना घोरतो, हा सोडताना घोरत होता. त्याच्याकडे तिकीट निघालं ही गोष्ट वेगळी. चेहरा अपराधीच होता.

निवृत्तीनंतर बुद्धी गंजू नये म्हणून मी गल्लीतली गूढ प्रकरणं हाती घेतो. आजवर अकरा घेतली. त्यांतली नऊ माझ्या मदतीशिवाय सुटली, दोहोंचा तपास चालू आहे. आमच्याकडे वडिलांना आणि वडीलधाऱ्या पुरुषांना 'पाक' म्हणतात, आईला आणि बायकांना 'बू'. माझी बायको रुमिनी याला 'पाकचे उद्योग' म्हणते. पण बारावं प्रकरण खुद्द आमच्या घरात घडलं आणि त्यात मी जे काही केलं, ते तिनं अजून शेजारीपाजारी सांगणं थांबवलेलं नाही. तेव्हा एकदा मीच सांगून टाकतो.

आमची नात गेंदिस, वय दीड वर्ष. गेंदिस म्हणजे साखर. पण या साखरेला जगातलं जवळजवळ काहीच चालत नाही. दूध, अंडं, गहू, सोयाबीन, शेंगदाणा, मासळी, कोंबडी, सगळं वर्ज्य. गेल्या वर्षी कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा एक कण तिच्या तोंडात गेला. दोन तासांनी पोर ओकून ओकून राखाडी झाली आणि तिची मान लुळी पडली. माझी मुलगी एंडाह तिला उचलून अनवाणी धावत दवाखान्यात गेली. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कोणी विनोद करत नाही. मीही नाही.

डॉक्टर हापसारींनी नियम घालून दिले. नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही सकाळी. पहिल्या दिवशी अर्धा चमचा, मग वाढवत चार दिवस. सगळं वहीत लिहायचं. वही अर्थातच मी माझ्याकडे घेतली. प्रत्येक पदार्थ म्हणजे एक आरोपी, त्याला चार दिवसांची कोठडी. उलटी नाही, पुरळ नाही, पोट ठीक, तर निर्दोष सुटका. नाही तर तडीपार. तांदूळ, भोपळा, रताळं आणि पपई सुटले होते. केळं पहिल्याच फेरीत तडीपार झालं होतं. तो निकाल मी दिला होता.

चार पदार्थ आणि डॉक्टरांनी दिलेली पावडर, एवढ्यावर मूल किती वाढणार? तीन महिने वजनाचा काटा सात किलो नऊशेवर ठाण मांडून बसला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "या महिन्यातही वाढलं नाही, तर तिला दाखल करून नाकातून नळीनं भरवावं लागेल." एंडाहचा नवरा तिकडे कालिमंतानला खाणीवर. तो रोज फोनवर एकच विचारायचा, "किती?"

वजनाच्या दिवशी आम्ही सगळेच बिदानकडे, म्हणजे सुईणीकडे, गेलो. बिदान बाई नुनुक यांनी गेंदिसला कापडी झोळीत घालून तागडीला टांगलं. काटा सरकवला, आणखी सरकवला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

"आठ किलो पाचशे."

"काय?" एंडाह म्हणाली.

"सहाशे ग्रॅम वाढलं. एका महिन्यात. काय भरवलंत हो?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. रुमिनीनं हसत हसत डोळे पुसले. आणि तेवढ्यात एंडाहचा चेहरा पांढरा पडला.

"बू, आपण काहीच वेगळं भरवलं नाही," ती आईला म्हणाली. "या महिन्यात फक्त गाजर दिलं. चार चमचे."

चार चमचे गाजरानं सहाशे ग्रॅम वाढायला ते गाजर शिशाचं हवं. म्हणजे कोणीतरी आमच्या गेंदिसला चोरून काहीतरी खायला घालत होतं.

डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "तिला मानवणारं काही असेल तर सोन्यासारखं आहे. पण काय आहे ते कळलंच पाहिजे. आज जो न सांगता हे देतोय, तो उद्या न सांगता अंडं देईल."

एंडाहनं फोन ठेवला. "हे कळेपर्यंत नवा पदार्थ बंद. मला भीती वाटतेय, पाक."

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "प्रकरण माझ्या हातात आहे."

"म्हणूनच," रुमिनी म्हणाली.

सर्वप्रथम मी तागडीवर संशय घेतला. पाच किलो तांदळाची पिशवी नेऊन झोळीत टांगली. चार किलो आठशे भरली.

"तागडी खोटी आहे!" मी गरजलो.

नुनुक बाईंनी आपलं पाच किलोचं माप टांगलं. बरोबर पाच किलो. तागडी निर्दोष सुटली आणि तांदूळवाला सापडला, पण तो या प्रकरणातला नव्हता.

मग मी शेजारच्या बू पार्तींकडे वळलो. त्यांना कोळंबीच्या पापडाचं वेड आहे. आमच्या दोन घरांमध्ये गुडघाभर उंचीचं बांबूचं कुंपण, आणि पापड तर खिशातही मावतो. संशयाला आणखी काय हवं?

"बू पार्ती, रोज सकाळी दहा वाजता तुम्ही अंगणातून गायब होता. कुठे जाता?"

"मोरीत."

"रोज? दहालाच?"

"पापड खायला."

मी वही खाली ठेवली.

"मग काय करू, पाक दारमोको? पापड कुर्र वाजला की तुमची नात कुंपणापाशी येऊन हात पुढे करते. देता येत नाही, आणि तिच्यासमोर खाववत नाही. म्हणून मोरीचं दार लावून खाते. आमचे हे म्हणतात, बाई, बाहेर ये, लोकांना वाटेल तुझं पोट बिघडलंय."

"आणि तुमची शेळी? ती रोज दहाला आमच्या कुंपणाला का चिकटते?"

"तिचं तिला ठाऊक. मला वाटलं, तुमचा चेहरा आवडतो."

हे उत्तर मला पटलं. शेळी चांगली गुबगुबीत झाली होती, नजरेत समाधान होतं. मी दोघींची नावं खोडली.

आता उरली एकच व्यक्ती. रुमिनी! रोज दहा ते अकरा ती बहिणीकडे जायची. परत आली की आधी आंघोळ, मग कपडे बदलणं, पुन्हा हात धुणं, आणि मगच नातीला जवळ घेणं. इतकं धुतं कोण? पुरावा नष्ट करणारा माणूस!

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "बू, रोज बहिणीकडे जाऊन तू काय करतेस?"

ती भांडी घासता घासता म्हणाली, "शेंगदाणे कुटते."

आमच्या गावात भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी घालून खातात आणि रुमिनीच्या हातची चटणी चार गल्ल्यांत प्रसिद्ध होती. गेंदिसचा त्रास कळला त्या दिवशी तिनं पाटा-वरवंटा घराबाहेर काढला. चटणी करणं सोडलं, असं मी समजत होतो.

"सव्वीस वर्षांची गिऱ्हाइकं आहेत," ती म्हणाली. "एकदम कशी सोडू? तिकडेच कुटते, तिकडेच भरते. आणि येऊन तीन वेळा अंग घासते. तरी पोरीला उचलताना छाती धडधडते. हे एंडाहला सांगू नका, ती आणखी घाबरेल."

मी वहीत 'निर्दोष' लिहिलं. त्या दिवशी कॉफी मी केली. कोणाला प्यावीशी वाटली नाही, पण केली.

संशयित संपले, गूढ शिल्लक. आता एकच उपाय होता, पाळत. दहा ते अकरा ही वेळ मी निवडली, कारण तेव्हा एंडाह मागच्या खोलीत शिवणयंत्रावर असते आणि गेंदिस पुढच्या पडवीत पूर्णपणे माझ्या ताब्यात असते. एवढ्या चोख बंदोबस्तात जो तिच्यापर्यंत पोहोचतो, तो साधा गुन्हेगार नव्हेच! वहीत माझ्या सहीनं रोजची नोंद होती : 'दहा ते अकरा, काहीही खाल्लं नाही.'

बुधवारी मी वाळत घातलेल्या लुंगीच्या आड, पडवीतल्या बाकाला लागून आरामखुर्ची लावली. डोक्यावर पिंजऱ्यात माझा बुलबुल, बाकाखाली त्याच्या केळ्यांची टोपली, समोर गेंदिस आणि तिची लाकडी भांडी. कुंपणापाशी शेळी.

"माझी जागा सोडता येणार नाही," मी रुमिनीला म्हटलं. "आज बुलबुलाची केळी तूच आण."

"बरं," ती म्हणाली. "झोपू नका."

"मी डोळे मिटून ऐकतो. ती माझी पद्धत आहे."

त्या दिवशी ती बहिणीकडे न जाता बाजारात गेली. आमच्याकडे पक्ष्यांसाठी पांढऱ्या गराची जाड केळी निराळी मिळतात. माणसं ती उकडून नाही तर तळून खातात, न शिजवता कोणी तोंडात घालत नाही. केळेवालीनं रुमिनीला पाहिलं आणि विचारलं, "अहो बू, तुमच्या बुलबुलाला झालंय तरी काय?"

"का?"

"तीन दिवसांत एक फणी! इतरांच्या पक्ष्याला दिवसाला अर्धं केळं पुरतं. तुम्ही पिंजऱ्यात बुलबुल पाळलाय की रेडा?"

रुमिनीनं केळी तिथेच टाकली, सायकलरिक्षा थांबवली आणि म्हाताऱ्या रिक्षावाल्याला दम लागेपर्यंत पळवत घर गाठलं.

त्यानंतर काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण मी डोळे मिटून ऐकत होतो. जाग आली तेव्हा समोर तीन बायका ओळीनं उभ्या होत्या. रुमिनी, एंडाह आणि कुंपणापलीकडून बू पार्ती. तिघी माझ्याकडे बघत होत्या.

"शू!" मी कुजबुजलो. "बाजूला व्हा. गुन्हेगार यायची वेळ झाली."

"पाक, खाली बघा," एंडाह म्हणाली. तिचा आवाज विचित्र येत होता.

"कोणी केलं ते आधी कळू दे..."

"केळं!" रुमिनी म्हणाली.

"तेच म्हणतोय मी, कोणी केलं?"

"अहो, केळं! केळं!"

मी खाली वाकलो. बाकाखाली, माझ्या टाचांपासून वीतभर अंतरावर, गेंदिस टोपलीला टेकून बसली होती. मांडीवर अर्धं केळं, गाल फुगलेले, केसांत गर. तोंडातला घास संपवून तिनं उरलेलं केळं पोटात ढकललं, डुलत डुलत कुंपणापाशी गेली आणि साल शेळीच्या तोंडात दिली. शेळीनं ती पुरावा न ठेवता खाल्ली.

"तरीच!" बू पार्ती ओरडल्या. "तरीच मेली महिनाभर चारा खाईना!"

एंडाह धावली. तिनं लेकीचं तोंड उघडलं, पोट दाबलं, पाठ उघडी करून पाहिली. ओकारी नाही, पुरळ नाही. पोरगी आईचं नाक धरून हसत होती.

"महिनाभर," एंडाह म्हणाली. "बू, ही महिनाभर केळी खातेय. आणि हिला काही झालं नाही." असं म्हणून ती खालीच बसली आणि मोठमोठ्यानं हसू लागली. हसता हसता रडायला लागली, आणि रुमिनीनं चटकन तिच्या हातातून गेंदिस घेतली. आज शेंगदाणे कुटले नव्हते, तिला आंघोळीची गरज नव्हती.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पण वहीत केळं वर्ज्य लिहिलंय. कशावरून?"

"त्या दिवशी केळं खाल्ल्यावर ती तीन वेळा ओकली," मी ठामपणे म्हणालो.

"कुठे होतात तेव्हा?"

"पोनोरोगोहून येणाऱ्या बसमध्ये."

"आणखी कोणी ओकलं का?"

"ड्रायव्हर सोडून सगळे."

डॉक्टर म्हणाल्या, "गुरुवारी घेऊन या. माझ्यासमोर खाऊ दे. आणि पाक, वही आता मुलीकडे द्या."

गुरुवारी दवाखान्यात गेंदिसनं डॉक्टरांसमोर एक केळं खाल्लं. आम्ही चार तास तिच्याकडे टक लावून बसलो. ती कंटाळून झोपली, उठली आणि परिचारिकेच्या पिशवीत आणखी केळं शोधू लागली. डॉक्टरांनी कागदावर 'केळं' लिहिलं, खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "नळी नको. पुढच्या आठवड्यात नासपती सुरू करा."

घरी आल्यावर रुमिनीनं अख्खी फणी उकडली. सालं काढून काप केले आणि मोठं ताट चटईवर मधोमध ठेवलं. इतके महिने आम्ही आपापलं जेवण चोरांसारखं जेवत होतो. मी अंगणात, रुमिनी चुलीपाशी पाठ करून, एंडाह लेक झोपल्यावर. पोरीसमोर कोणी घास घेत नसे. आज चौघं एका ताटाभोवती बसलो आणि कोणालाच सुरुवात कशी करावी ते कळेना.

सुरुवात गेंदिसनं केली. एक काप उचलला, चाटून पाहिला आणि आईच्या तोंडात कोंबला. दुसरा आजीच्या. मग माझ्याकडे वळली. माझ्या वाट्याचा काप आधीच दोन ठिकाणी चावलेला होता.

"खा ना, पाक," एंडाह म्हणाली.

मी खाल्ला. गरम होता, गोड होता. गिळेपर्यंत गेंदिसनं पुढचा काप पुढे केला, आणि चौघांनी मिळून ताटाचा असा फडशा पाडला की रुमिनी पदराला हात पुसत उठली आणि दुसरी फणी उकडायला टाकायला गेली.