फुटल्याचे पेढे

“मावशी, तोंड गोड करा. फुटलंय!”

असं म्हणत गाडेकर पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा माझ्या फुप्फुसात कॅन्सर आहे हे कळून दहा दिवस झाले होते. पिशोरहून माझ्या दोन्ही जावा आल्या होत्या आणि मी समोर बसलेली असताना मी गेल्यासारख्या हळू आवाजात बोलत होत्या. थोरलीनं सवयीनं पेढा घेतला, आणि खावा की ठेवावा हे न कळून तसाच हातात धरून बसली. माझी मुलगी सुनंदा उस्मानपुऱ्यातून रोज येत होती. ती उठून म्हणाली, “काका, लाज वाटते का थोडी?”

गाडेकर हसतच होता.

हा माझा भाडेकरू. पुंडलिकनगरातल्या माझ्या घरात वरच्या खोलीत राहतो. वय पंचेचाळीस, लग्न नाही, होईल असं लक्षण नाही. कॅन्सर तपासायच्या एका लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर काळ्या पडद्याच्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळे लावून बसतो आणि बाहेर आला की घुबडासारखा डोळे मिचकावतो. घरीही खिडकी उघडत नाही. उजेड सोसत नाही म्हणे. एकदा त्याला गच्चीवर कुरडयांची राखण करायला बसवलं, तर काळा चष्मा लावून बसला आणि शेजारची शेळी जिना चढून कुरडया खाऊन गेली. मी बोंब मारली, “अर्ध्या खाल्ल्या की रे!”

“अर्ध्या नाय मावशी. एकोणीस.”

म्हणजे शेळी खात होती तेव्हा हा मोजत होता. तिला हाकलायचं सुचलं नाही.

“मोजलं का?” हे त्याचं पालुपद. नळाला महिनाभर पाणी नाही म्हणावं, तर म्हणतो, “मोजलं का? नऊ दिवस झाले.” शंभरदा सांगितलं खिडकी उघडत जा, तर म्हणतो, “सहादा सांगितलंत.” अशा माणसाशी भांडायचीसुद्धा मजा नाही.

त्याच्या लग्नाची खटपट मीच केली होती, माझी चूक. मुलीच्या बापानं विचारलं, काम काय करता? हा खुलून म्हणाला, “लाल-हिरव्याची जोडी असते. ती फुटलेली दिसली की मला लई आनंद होतो.” मुलीच्या आईनं पोह्यांच्या बशा उचलल्या. माझी बशी अजून भरलेली होती.

तर तोच माणूस त्या दिवशी माझ्या दारात दात काढत उभा होता.

“काय फुटलं ते तरी सांग, मुडद्या,” मी म्हणाले.

त्यानं ताट मागितलं. मूग आणि मसूर मागितली. जावा बघतायत, सुनंदा रडतेय, आणि हा जमिनीवर मांडी घालून कडधान्य मांडतोय. एक मसूर, तिला चिकटून एक मूग.

“हे बघा. पेशीत एक जनुक असतं. त्याच्या एका बाजूला लाल चमकणारी खूण चिकटवायची, दुसऱ्या बाजूला हिरवी. प्रोब म्हणतात त्याला. जनुक धड असलं तर अंधारात दोन्ही खुणा शेजारी दिसतात. तुटलं असलं तर लाल इकडं, हिरवी तिकडं.” त्यानं मूग ताटाच्या कडेला सरकवला. “तुमचं तुटलंय. आणि तुटून भलत्याच जनुकाला जाऊन चिकटलंय. ते पेशीला सारखं सांगतंय, वाढ, वाढ.”

“म्हणजे मागच्या गल्लीतल्या त्या चोरून जोडलेल्या नळासारखं? बंदच होत नाही?”

“व्हय! तसंच!” तो इतका खूश झाला की मसूर सांडली. “आणि ह्या जोडावर गोळी हाय मावशी. जोड नसता, तर ती गोळी तुमच्या काही कामाची नव्हती.”

तेव्हा थोरल्या जावेनं पेढा खाल्ला.

मग सगळं बाहेर आलं. माझ्या फुप्फुसाचा तुकडा त्याच्याच लॅबमध्ये गेला होता. सुनंदानंच त्याला पावतीवरचा नंबर दाखवला होता. मोठ्या डॉक्टरची सही होईपर्यंत बोलायचं नाही असा नियम, म्हणून हा आठ दिवस जिन्यात मला चुकवत होता. मला वाटलं, पाण्याच्या ड्रमवरून रुसला. नियमात असतात तेवढ्या पेशी त्यानं मोजल्या, मग पुन्हा पहिल्यापासून मोजल्या, मग तिसऱ्यांदा. शेवटी दुसऱ्याला बसवलं आणि मायक्रोस्कोपखालची ती काच माझ्या तुकड्याची आहे हे न सांगता त्याच्याकडून मोजून घेतलं.

“माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता,” तो म्हणाला.

“डोळे खराब असतील तर नोकरी सोड,” मी म्हणाले.

गोळी सुरू झाली. पाय सुजले, तोंडाची चव गेली, भाकरी मातीसारखी लागायची. पण खोकला कमी झाला. काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, गाठ आक्रसली आहे, गोळी चालू ठेवा. मी घरी आले आणि चप्पल न काढता जिना चढून वर गेले.

गाडेकर अंधारात बसून चहात पाव बुडवत होता. मी पडदा ओढला. त्यानं डोळ्यांवर हात धरला.

“बघ.” मी फिल्म पुढं केली.

त्यानं ती खिडकीशी धरली, उलटी धरली, सुलटी धरली. “मला ह्यातलं कळत नाय मावशी. मी नुसत्या काचा बघतो.”

“गाठ बारीक झाली.”

“म्हणजे गोळी लागली?”

“मग मी काय भूत म्हणून जिना चढले का?”

तो खाटेवर बसला. पाव चहात विरघळून गेला.

“अकरा वर्षं झाली,” तो म्हणाला. “काच येते. तिच्यावर नंबर असतो. मोजतो. कागद वर जातो. पुढं त्या माणसाचं काय झालं, कुणी सांगत नाय.”

“मग विचारावं.”

“कुणाला विचारू? नंबरला?”

मी त्याचा कप उचलून विसळला, पडदा उघडाच ठेवला आणि खाली आले.

आता रोज सकाळी कामावर जाताना तो माझ्या दाराशी थांबतो. आत येत नाही. “मावशी, हायत का?” एवढंच विचारतो. “हाय,” मी म्हणते. कधी चिडून म्हणते, कधी तोंडात मशेरी असली तर नुसतं हुं करते. तेवढं ऐकून तो जातो.

अकरा वर्षांतल्या त्या सगळ्या काचांपैकी, जगलंय असं त्याला नक्की ठाऊक असलेलं माणूस एकच. मी.