लाल पेनाचे शेरे

संघमित्राने तीन महिने ऑनलाइन क्लास लावून खेळांची कॉमेंट्री शिकून घेतली होती. तेव्हापासून पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घरात कुकरसुद्धा गुपचूप वाजत नसे. "आणि ही तिसरी शिट्टी! काय जबरदस्त चढाई!" असं लगेच जाहीर व्हायचं. आता मात्र खरी परीक्षा आली होती. जळगावच्या एका ऑनलाइन चॅनलने अमळनेरची कबड्डीची सेमीफायनल तिच्यावर सोपवली होती. जमलं, तर दुसऱ्या दिवशी धुळ्याची फायनल आणि पक्की नोकरी. नाही जमलं, तर मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरून गेलं होतं.

'गुण बोर्डावर दिसतात. तुम्ही खेळाडूची माणूस म्हणून ओळख करून द्या,' हे क्लासच्या सरांचं वाक्य तिने भिंतीवरच चिकटवलं होतं. पण आयोजकांनी पाठवलेल्या यादीत नुसती नावं आणि गावं.

"आई, या पोरांची माहिती आता कुठून आणू गं?"

तिची आई द्रौपदाबाई वीस वर्षं वधू-वर मेळाव्याची नोंदणी सांभाळत होती. तिने चष्मा लावून यादी वाचली आणि तिचा चेहरा खुलला. "ह्या बठ्ठा मन्ही वहीमा शेतस! लिखी ले पटपट."

सगळी पोरं आईच्या स्थळांच्या वहीत होती! संघमित्राने हरखून ती उघडली आणि दिसेल ते उतरवून काढलं. वहीत निळ्या पेनाने माहिती होती आणि लाल पेनाने आईचे खासगी शेरे. घाईत तिच्या कागदावर सगळंच एका रंगात उतरलं.

दुसऱ्या दिवशी अमळनेरचं मैदान खच्चून भरलं होतं. कॉमेंट्री मोबाइलवर जात होतीच, शिवाय मैदानातल्या भोंग्यांवरही वाजत होती.

"चढाईला निघालाय चोपड्याचा कुंदन! उंची पाच फूट नऊ, तीन एकर केळी, स्वभाव शांत..." इतक्यात कुंदन पंचांशी हुज्जत घालू लागला. "...म्हणजे घरी शांत! आई मात्र तापट!"

पहिल्या रांगेतून कुंदनची आई कोकिळाबाई ताडकन उठल्या. "कोन बोलनं ते? समोर ये!" हातात चप्पल घेऊन त्या टेबलाकडे निघाल्याच होत्या. दोघा स्वयंसेवकांनी त्यांना कसंबसं बसवलं. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. टाळ्या आपल्यालाच आहेत असं वाटून संघमित्राला आणखी चेव चढला.

शेवटची चढाई आली तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. पाचोऱ्याचा समाधान "कबड्डी, कबड्डी" करत आत घुसला, एकाला शिवला आणि मध्यरेषेकडे झेपावला. संघमित्रा खुर्चीवर चढली.

"पाचोऱ्याचा समाधान! काय चपळाई! वय एकोणतीस, सांगताना सत्तावीस!"

"सत्तावीसच आहे!" मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे समाधान ओरडला.

पंचांनी शिट्टी फुंकली. समाधानचा दम सुटला होता. तो बाद झाला आणि सामना चोपड्याने जिंकला.

पाचोऱ्याची माणसं टेबलाभोवती गोळा झाली. त्यांचे प्रशिक्षक झुलालनाना तर टेबलावर हात आपटत होते. "आमचा गडी समोरच्या टीमनं नाही, तुमच्या कॉमेंट्रीवालीनं आउट केला!" पंचांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. त्यात माइकबद्दल एक अक्षर नव्हतं.

तिकडे चॅनलचे मालक शालिग्रामभाऊ यांचा फोन सारखा वाजत होता. संघमित्राच्या डोळ्यांसमोर मामाचं झेरॉक्स मशीन उभं राहिलं.

"भाऊ, चुकलं माझं. ते आईचे लाल पेनातले शेरे होते. मी तेही वाचले."

"अगं, रोज दोनशे लोक बघतात, आज अकरा हजार!" भाऊंना धाप लागली होती. "सात नंबरच्या खेळाडूचं लग्न कुठे जमलंय का, म्हणून फोनवर फोन येताहेत! फायनलला तू पक्की!"

संघमित्राने जागच्या जागी उडी मारली.

"फक्त येताना आईला आण," भाऊ म्हणाले. "वहीसकट."

धुळ्याला द्रौपदाबाई ठेवणीतली साडी नेसून, वही मांडीवर घेऊन माइकसमोर बसल्या आणि दहा मिनिटांत त्यांनी मैदान खिशात घातलं. संघमित्राच्या वाट्याला नुसते गुण सांगणं उरलं, पण नोकरी पक्की झाल्याने ती हवेतच होती. मध्यंतराला आईला लेकीच्या कौतुकाने भरून आलं.

"आणि गुण सांगते ना, ती माझी मुलगी संघमित्रा. हुशार, बडबडी, वय सव्वीस..."

"पंचवीस!" संघमित्रा माइकमध्ये किंचाळली.

प्रेक्षकांत बसलेला समाधान उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडला, "दम सुटला! बाद!"

आणि पंचांनी सवयीने शिट्टीही फुंकली.