घरातून गाडीत गेलेल्या वस्तू

रजई

थंडीत गाडी चालू होत नाही याचा अर्थ तिला थंडी वाजते, असं इंजिनीअरनी ठरवलं आणि बायकोची रजई नेऊन इंजिनावर घातली.

इंजिनीअर हे गल्लीने ठेवलेलं नाव. नोकरी जन्मभर ग्रंथालयात झाली. पण निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी एक म्हातारी मोटार आणून मागच्या शेडमध्ये उभी केली, आणि तेव्हापासून ती दर रविवारी 'जवळजवळ झालीच' होती. झाली की पहिली फेरी आक्काकडे, हेही ठरलेलं. आक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. बसने जाऊ या म्हटलं की इंजिनीअर दुखावत. "घरात गाडी असताना बसने?" असे किती रविवार गेले, ते बायकोने मोजायचं सोडून दिलं होतं.

आज मात्र आक्का दुपारी निघणार होती. मुलाकडे, परदेशात, कायमची. गुडघे असे, की परत येण्याची बातच नको.

"अहो, आज तरी बसने जाऊ या."

"अगं, गाडी रात्रभर पांघरुणात होती. एका झटक्यात चालू होईल बघ."

आणि झाली की! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, एका झटक्यात. पण त्या आनंदात रजई काढायची राहिली. रेडिएटरमागच्या पंख्याने तिचं एक टोक धरलं, मग उरलेली आत ओढली, आणि शेडभर कापूस उडाला. थोडा इंजिनानेही नाकातोंडात ओढून घेतला. ते दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

बायको कोट घालून दारात उभी होती.

"बर्फ पडतोय का आत?" तिने विचारलं.

दुधाचं पातेलं

कार्बोरेटर धुवायला हवा होता. शेडमध्ये बोटं वळेनात, म्हणून इंजिनीअर तो घेऊन स्वयंपाकघरात आले, हाताला लागलं ते पातेलं घेतलं आणि त्यात पेट्रोल ओतलं. पलीकडे शेगडीवर बायको आक्कासाठी काहीतरी गोड ढवळत होती.

"गॅस बंद कर!" इंजिनीअर ओरडले. "आधी गॅस बंद कर!"

"मी बंद करू? पेट्रोल तुम्ही आणलंत ना?"

"वाद नको, स्फोट होईल!"

गॅस बंद झाला. खिडक्या उघडल्या. बाहेरची सगळी थंडी आत आली. गोडाचा अर्धवट गोळा कढईला चिकटून बसला तो बसलाच.

"आक्काला काय देऊ आता? तिला हे फार आवडतं हो."

"वास गेला की कर पुन्हा. तोवर मी हे बसवतो. पाच मिनिटं."

इंजिनीअरच्या पाच मिनिटांविषयी वेगळं लिहिण्याची गरज नाही. ज्यांच्या घरी असा एक माणूस आहे त्यांना ती माहीत आहेत, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनी सुखाने पुढे वाचावं.

हेअर ड्रायर

स्पार्क प्लग वाळवायला नेला. घरातले दिवे गेले. बायकोचे केस ओले राहिले.

बायको

शेवटी बायकोच गाडीत गेली. ओल्या केसांना रुमाल बांधून, मांडीवर पर्स घेऊन, चालकाच्या जागेवर बसली. कारण एकाने बॉनेटमध्ये डोकं घालायचं म्हणजे दुसऱ्याने किल्ली फिरवायला हवी.

"मार सेल्फ!"

"मारला."

"अगं जोरात!"

"किल्ली आहे ती, जोरात काय फिरवू?"

गाडी कण्हत होती. इंजिनीअर एखादा स्क्रू पिळत, एखादी तार खाजवत, परत ओरडत. बायको मधूनच घड्याळ बघे.

"अहो, आक्का वाट बघत असेल."

"झालंच. मार!"

"आम्ही दोघी लहानपणी एका अंथरुणात झोपायचो. मला रात्री भीती वाटली की ती माझा हात धरून ठेवायची."

"अगं, गप्पा नंतर! मार सेल्फ!"

गाडी कण्हली. मग बराच वेळ इंजिनीअर एका बारीक स्क्रूमध्ये गुंतले. त्यांना सापडलं! इतकी वर्षं छळणारं दुखणं हेच, त्यांची खात्रीच पटली. स्क्रू अर्धा फेरा सैल केला.

"मार!"

काही नाही.

"अगं, मार ना! झोपलीस का?"

काही नाही. इंजिनीअर चिडून वळले. गाडीचं दार उघडं होतं. किल्ली जागेवर लोंबत होती. सीटवर बसल्याचा खळगा तेवढा राहिला होता, आणि तो बराच खोल होता.

ती कधी उठली असेल? 'मार' म्हणून त्यांनी कितीदा रिकाम्या सीटला हुकूम सोडले असतील? या प्रश्नांपाशी इंजिनीअर बराच वेळ उभे राहिले. मग स्वतः आत बसले आणि किल्ली फिरवली.

गाडी गोड आवाजात चालू झाली.

शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून ते म्हणाले, "बघ!" आणि मग इतके ओशाळले, की गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

मोठ्या रस्त्यावर त्यांनी बस गाठली. खिडकीत बायको होती. हॉर्न वाजेना, म्हणून त्यांनी काच खाली करून हाका मारल्या. बसमधल्या सगळ्यांनी बघितलं. बायकोनेही बघितलं, आणि मग अनोळखी माणसाकडे बघून झाल्यासारखी समोर बघू लागली.

गाडीतून बाहेर निघालेली एकमेव वस्तू

इंजिनीअर पोचले तेव्हा बायको नुकतीच आत गेली होती. अंगणात भाच्याने, म्हणजे आक्काला न्यायला आलेल्या तिच्या मुलाने, आणलेली मोटार सामान भरून तयार होती. इंजिनीअरनी आपली गाडी घाईघाईत नेमकी फाटकात, आडवी थांबवली आणि बंद केली.

"काका, बरं झालं आलात," भाचा म्हणाला. "पण गाडी जरा मागे घ्या. आम्हाला निघायलाच हवं. विमानाची वेळ झाली."

"घेतो की."

त्यांनी किल्लीला हात घातला. इंजिन गरम होतं. नुसतं बोट लावलं असतं तरी चालू झालं असतं. हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा नक्की ठाऊक होतं.

रिकाम्या घराचं दार सताड उघडं होतं. आत एकही खुर्ची उरली नव्हती, म्हणून दोघी बहिणी पायरीवर बसल्या होत्या. आक्का बायकोच्या डोक्यावरचा रुमाल सोडून तिचे ओले केस आपल्या शालीने पुसत होती. पुसता पुसता रागावत होती. बायको खाली मान घालून ऐकत होती, आणि ऐकताना हसत होती. तसं हसताना इंजिनीअरनी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्यांनी किल्ली सोडली. खाली उतरून बॉनेट उघडलं, एक झाकण काढलं, आतला रोटर नावाचा अंगठ्याएवढा तुकडा उपसला आणि खिशात टाकला. त्याच्याशिवाय गाडी म्हणजे चाकं लावलेलं कपाट.

"काय झालं, काका?"

"काही कळत नाही रे," इंजिनीअर म्हणाले. "थंडी फार आहे."

भाच्याने कपाळाला हात लावला. मग फोन केले. मग गाडी ढकलून पाहिली, पण इंजिनीअरनी ती गिअरमध्ये टाकून ठेवली होती आणि स्वतःही मनापासून ढकलत होते. शेजारी जमले. प्रत्येकाने एकेक कारण सांगितलं. इंजिनीअरनी प्रत्येक कारण अगदी सावकाश तपासलं.

शेवटी भाच्याचा चेहरा रडवेला झाला, तेव्हा त्यांनी पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि तुकडा हळूच जागेवर बसवला. आक्का काठी टेकत बाजूला येऊन उभी राहिली होती, हे त्यांना उशिरा कळलं.

"पाहुणे," ती हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या यजमानांचा मोटारदुरुस्तीचाच धंदा होता, विसरलात?"

इंजिनीअरनी झाकण लावलं.

"बंदच पडायची होती, तर इथे येऊन पडू द्यायची ना दर रविवारी," आक्का म्हणाली, आणि भाच्याच्या गाडीकडे चालू लागली.