भटूची पवनचक्की आणि आबांची झोप

"धूर नाही, घाण नाही, आवाज तर मुळीच नाही!" सुट्टीच्या दुपारी गोडादरा वस्तीतल्या एका गच्चीवर उभं राहून भटूने जाहीर केलं. साल शहाण्णव. पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यात खडखडते लूम दुरुस्त करणाऱ्या या गड्याने पंख्याची जुनी पाती सायकलच्या डायनॅमोला जोडून पवनचक्की केली होती आणि ती चार जाडजूड बोल्टांनी स्लॅबला आवळली होती.

घरमालकीण प्रमिलाबाई कंबरेवर हात ठेवून पाहत होत्या. "भटू, खालेच मना सासरा, आबा, ऱ्हातस. लूमवरथून रिटायर व्हयनात तैपासून त्यासनी झोप उडेल शे. त्यासले तरास व्हयना, ते त्याच दिन खोली खाली करजो!"

"प्रमिलाताई, तरासाचं नावच काढू नका!"

वारा सुटला, पाती गरगरली. आधी कबुतरं पळाली. मग समोरच्या गच्चीवरून शांताबाई कडाडल्या, "अरे, तुझ्या पात्यांची सावली माझ्या ताटातून पळतेय! खडा कुठला नि तांदूळ कुठला!"

"मावशी, ताट सरकवा जरा!"

तेवढ्यात स्लॅबच घुमायला लागला. खालच्या खोलीतली भांडी फळीवर एका तालात खटखटू लागली. प्रमिलाबाई धावल्या, मागोमाग भटू. आबांचं दार आतून बंद!

"आबा! ओ आबा!"

 दार बडवून हात दुखले. खिडकीतून पाहिलं तर आबा खाटेवर उताणे, तोंड उघडं, हालचाल शून्य!

भटूच्या मनात आलं, खोली गेली चुलीत, आपण म्हातारा मारला! तो तीन-तीन पायऱ्या ओलांडत गच्चीवर गेला आणि दोरी टाकून पाती थांबवली.

सगळं गप्प झालं. आणि खालून डरकाळी आली, "कोनी बंद कयं रे लूम?"

आबा जिवंत होते! भटू डोळे पुसत वेड्यासारखा हसत सुटला. खाली आबा सुनेवर तडकले होते, "छत्तीस वरीस लूमना आवाजमा डुलकी ली मी! आज कोठे डोया लागना व्हता, ते बंद करी टाकं!"

खोली वाचली. चक्कीवर बल्ब मात्र एकदाही धड पेटला नाही. आता सुट्टीच्या दिवशी वारा पडला की प्रमिलाबाई जिन्यातून हाक मारतात, "भटू, आबासनी झोपनी येळ व्हयनी!"

आणि भटू निमूट गच्चीवर जाऊन पवनचक्की हाताने फिरवतो.