शरयूबाईंच्या डाव्या हाताची बखर

श्रीनादब्रह्माचे चरणी मस्तक, आणि ज्या पातळ छतामुळे वरच्या मजल्याचे वर्तमान खालच्या मजल्यास घरबसल्या कळते, त्या छतासही एक नमस्कार. शके १९४०, विलंबीनाम संवत्सर, आषाढ शुद्ध पंचमी, ते दिवशी जे घडले आणि पुढे माघमासापर्यंत जे घडत गेले, ते यथामती लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही; तीन मजले, एक जिना आणि बंद पडलेली लिफ्ट, इतका त्याचा विस्तार समजावा. लिहिणार दुसऱ्या मजल्यावर राहतो, सबब साक्ष पक्की. जे कानी आले नाही ते बाईसाहेबांनी स्वमुखे जिन्यात उभे राहून सांगितले, आणि त्या जिन्यात उभ्या राहिल्या म्हणजे भाजी घरी पोचेतो सुकते, हे राज्यात सर्वांस ठाऊक.

तिसऱ्या मजल्यावर शरयूबाई नामे बाईसाहेब नांदत होत्या, वय वर्षे त्रेसष्ट. टेलिफोनच्या कचेरीत एकतीस वर्षे लोकांस 'होल्ड करा' म्हणण्याची चाकरी केली आणि मग निवृत्त जाहल्या. यजमानांचे नाव विश्रामराव, आणि आचरणही नावास बट्टा न लावणारे. दुपारी तीन ते पाच त्यांची निद्रा मोडील ऐसा वीर राज्यात पैदा झाला नव्हता. बाई आठ वर्षांच्या असता शाळेच्या वाटेवर ख्रिस्ती मठवासिनींचे एक विद्यालय होते, त्याचे खिडकीखाली उभ्या राहून आतला पियानो ऐकीत, आणि एके दिवशी वडिलांस म्हणाल्या की मला ते शिकायचे आहे. वडील म्हणाले, "ते आपल्यात नसतं. तुला पेटी आणून देतो, पेटी काय वाईट आहे?" आणि पेटी आणिली, आणि ती काही वाईट नव्हतीच. मग पंचावन्न वर्षे बाईंनी भजनी मंडळात पेटी वाजविली, उजवा हात सुरांवर आणि डावा हात मागे भात्यावर. परंतु ती खिडकी काही मनातून जाईना. मग पंचमीचे दिवशी बाईंनी छत्री घेतली आणि रस्ता ओलांडून पलीकडल्या राज्यावर एकट्याने स्वारी केली. विश्रामराव झोपेतच "हं" म्हणाले, तीच परवानगी समजली.

पलीकडल्या राज्याच्या धनीण एस्पेरांसा टीचर, वय एकोणऐंशी, गोव्याकडल्या. त्यांचे वडील चर्चमध्ये गायन शिकवीत, त्यांचेच हाताखाली टीचर तयार जाहल्या. मग पन्नास वर्षे पोरांस पियानो शिकविला, परंतु हल्ली संधिवाताने दोन्ही हातांची बोटे आल्याच्या तुकड्यांसारखी वाकडी होऊन बसलेली, वाजविणे बंद, बोलणे मात्र चालू. टीचरांनी बाईंस पियानोपुढील स्टुलावर बसविले, पाठ सरळ केली आणि आज्ञा केली, "मी वाजव." बाईंस वाटले, टीचरांचे मराठी गोव्याकडले, 'मी वाजवते' ऐसे म्हणावयाचे असेल, तेव्हा अदबीने हात मांडीवर घेतले आणि ऐकावयास बसल्या. टीचरही बसल्या. भिंतीवरील घड्याळ चालले होते, इतकाच काय तो नाद. मग टीचर म्हणाल्या, "अगो, मी वाजव!" बाई म्हणाल्या, "वाजवा ना टीचर, मी ऐकत्येय." टीचर म्हणाल्या, "तू ऐकून काय करते? मी वाजव!" बाई म्हणाल्या, "तुमची बोटं दुखत असतील तर राहू दे हो." ऐसा पाव तास दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या आणि तोफ कोणीच डागिली नाही. शेवटी टीचरांनी बाईंचे बोट धरून एका पांढऱ्या पट्टीवर आपटले आणि म्हणाल्या, "ही! ही मी! डो, रे, मी!" तेव्हा उलगडा जाहला की मी म्हणजे बाई नव्हेत, टीचर नव्हेत, ती विलायती सरगमेतील एक पट्टी आहे. मग दोघी इतक्या हसल्या की टीचरांस पाणी द्यावे लागले. पुढे बाई जिन्यात म्हणाल्या, "आमच्या कीर्तनात सांगतात मी सोडा, आणि टीचर म्हणतात मी धर. माणसानं करावं तरी काय?"

मग अभ्यास सुरू जाहला. घरी पियानो नाही, सबब जेवणाच्या टेबलावर खडूने पट्ट्या आखिल्या आणि त्यावर दोन वेळ बोटांची कवाईत चाले. खाली आमचे डोक्यावर टकटक होई. श्रावणात लिहिणार छतास काठी लावून थकला, आणि मग तक्रार करावयास वर गेला. तो बाई ओठांत सूर म्हणत मुक्या टेबलावर दहा बोटे चालवीत होत्या आणि चेहरा आठ वर्षांच्या पोरीचा. तक्रार तोंडातच राहिली, चहा पिऊन परत आलो. भाद्रपदात टीचरांनी कपाटातून एक पिवळा कागद काढिला. टीचरांचे जन्मसमयी वडिलांनी स्वहस्ते लिहिलेली अंगाई ती, शब्द नाहीत, नुसते सूर, आठ ओळी. दुसरी प्रत कोठेही नाही. टीचर म्हणाल्या, "धा वर्सं झाली बाय, पुरी ऐकली नाय मी. माझी बोटं गेली. पोरं शिकली ती सगळी लांब गेली. नाताळ झाला की भाचा मला घेऊन जाणार, त्याचं घर लहान, पियानो न्यायचा नाय. त्याच्या आधी एकदा दोनी हातांनी वाजव. तेवढाच हवाय मला." बाईंनी कागद कपाळास लाविला. खिडकीखालील जुनी इच्छा ते क्षणी मागे पडली आणि ही एकच पुढे उभी राहिली, की टीचर जाण्याचे आत अंगाई पुरी वाजली पाहिजे.

उजव्या हाताने आश्विन सरण्याचे आत आठही ओळी काबीज केल्या. परंतु डावा हात फितूर. चार ओळी बरा चाले, आणि पाचवीत सूर गोड होई आणि बाईंचे मन भरून येई, की डावा हात पट्ट्या सोडून हळूच मागे जाई आणि हवेत भाता मारू लागे. पंचावन्न वर्षांची सवय, सूर गोड जाहला की वारा घालावा, इतकेच त्या हातास ठाऊक. टीचर ओरडत, "कुणाला वारा घालते? पियानोला गरम होत नाय!" मग मनगटावर लिंबू ठेविण्याची तोड निघाली, लिंबू पडता कामा नये; तो पाचव्या ओळीस लिंबू घरंगळे आणि पियानोखाली जाई. कार्तिक मासी तेथून सात लिंबे निघाली, त्यांचे टीचरांनी लोणचे घातले. मार्गशीर्षही असाच गेला. विश्रामराव एकदा म्हणाले, "अगं, हात बांधून ठेव." बाई म्हणाल्या, "बांधला तर वाजवू कशानं?" यावर ते विचार करीत झोपी गेले.

पौष मासी, नाताळ होऊन तीन आठवडे लोटले आणि भाच्याचा निरोप आला. सोमवारी हमाल येऊन पियानो दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये नेणार, आणि त्याच दिवशी टीचरांचे प्रयाण. रविवारी सकाळी बाई ठेवणीतली साडी नेसून गेल्या. टीचर डोळे मिटून खुर्चीत बसल्या. चार ओळी दोन्ही हातांनी निर्वेध पार पडल्या, टीचरांची मान हलू लागली, आणि ती मान पाहिली मात्र, बाईंस भरून आले आणि डावा हात मागे गेला. सूर तुटला. बाई कागदावर पाहू लागल्या, अक्षर दिसेना, म्हणाल्या, "टीचर, मी कुठे? मी हरवली." टीचर डोळे न उघडता म्हणाल्या, "असू दे गो बाय. अर्धी तर अर्धी. बरी वाटली." कागद मात्र परत घेतला नाही, बाईंचे पिशवीत घातला. सोमवारी सहा हमालांनी पियानो उचलिला, आणि टीचर रिक्षात बसल्या, आणि रस्ता रिकामा जाहला. बाई आमचे जिन्यात बसून रडल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. म्हणाल्या, "त्या हाताला काय दोष देऊ? जन्मभर भाताच ओढलाय त्यानं. त्याला कुणी दुसरं काम दिलंच नाही."

हे शब्द विश्रामरावांनी दारातून ऐकिले. पुढे दोन दिवस दुपारी घोरणे ऐकू आले नाही, सबब राज्यावर काही अरिष्ट आले की काय ऐशी शंका आम्हांस आली. तिसरे दिवशी भर तीन वाजता विश्रामराव उठले, कोपऱ्यातील पेटी आपले हाताने काढिली, फडक्याने पुसली, तिचे मागल्या बाजूस मांडी घालून बसले आणि म्हणाले, "भाता मी मारतो. तुझे दोन्ही हात पुढे घे." बाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला भजनात टाळी धरता येत नाही." ते म्हणाले, "नाही ना? मग शिकव. त्रेसष्टाव्या वर्षी तू शिकतेस, मी तुझ्याहून चारच वर्षांनी मोठा." तेव्हा बाईंनी पेटीच्या पट्ट्यांवर दोन ठिकाणी खडूने 'मी' लिहिले, एक वरची, एक खालची, आणि शिकवणी सुरू जाहली. प्रथम पेटी दम लागल्यासारखी वाजे. मधेच विश्रामराव पेंगत आणि सूर जागच्या जागी मरे, मग बाई पाय लांब करून त्यांचे गुडघ्यास ढोसत. परंतु डाव्या हातास मागे जाण्याची वाट उरली नाही. जाई तो भात्यावर दुसराच हात बसलेला. दोन-चार वेळा दोघांचे हात एकमेकांवर आपटले, आणि मग तो निमूट पुढे आला आणि आपल्या पट्ट्यांवर बसला. अंगाई मुळी लहान, डावा हात फार खाली उतरत नव्हता, सबब पेटीत बरोबर मावली.

माघ शुद्ध पक्षी, दुपारी चार वाजता बाईंनी टेलिफोन लाविला. तिकडून आवाज आला, "कोण?" बाई म्हणाल्या, "मी." टीचर म्हणाल्या, "मी कुठली? वरची की खालची?" बाई म्हणाल्या, "दोन्ही, टीचर. आता होल्ड करा." आणि फोन पेटीवर उभा केला. चार ओळी गेल्या. पाचवी आली, सूर गोड जाहला, आणि आम्ही खाली छताकडे पाहात बसलो. पाचवी गेली. सहावी गेली. सातवीत भाता किंचित अडखळला आणि पुन्हा सावरला, आणि आठवी ओळ संपून शेवटचा सूर भात्यात वारा होता तोवर राहिला. बाईंस वाटले लाइन तुटली; एकतीस वर्षांच्या चाकरीने कान तयार होता, त्यांनी नीट ऐकिले, तो पलीकडे कोणी नाक पुसत होते. मग टीचर म्हणाल्या, "खालच्या मीवर पप्पांचा हात असाच जड पडायचा गो. असाच." आणि विचारिले, "भात्यावर कोण हाय?" बाई म्हणाल्या, "आमचे हे." टीचर म्हणाल्या, "त्यांना सांग, सातव्या ओळीत झोपू नको."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. स्वारी त्रेसष्टाव्या वर्षी निघाली आणि विलंबी संवत्सर सरण्यापूर्वी फत्ते जाहली. पियानो गेला, अंगाई राहिली. हल्ली दर रविवारी चार वाजता टेलिफोन लागतो आणि आठ ओळी वाजतात, विश्रामरावांची निद्रा त्या दिवशी पाचास सुरू होते. छतास लावावयाची काठी आम्ही माळ्यावर टाकून दिली आहे, आणि चारला पाच कमी असता खुर्ची बरोबर पेटीच्या खाली ओढून घेतो. लेखनसीमा.