शोरूमच्या पत्र्यावर कोण आहे?

छताचं काम म्हटलं की ते माझ्यावर सोडावं. निदान मालकांना मी तसंच सांगितलं होतं.

बालाघाटात गोंदिया रोडवर आमचं गाड्यांचं शोरूम आहे. मी तिथला मॅनेजर. शोरूम कसलं, पत्र्याचा भला मोठा डबाच तो. मे महिन्यात गिऱ्हाईक आत आलं की गाडीकडे न बघता आधी कूलर शोधायचं, कूलरसमोर उभं राहून अ‍ॅव्हरेज विचारायचं आणि घाम वाळला की निघून जायचं. लांजीहून आलेल्या गोदाबाईंना तर आमच्याकडे गाडी बघता बघता चक्कर आली. "या भट्टीतून गाडी नाही घ्याची," असं नवऱ्याला बजावून त्या गेल्या होत्या.

मालक फोनवर म्हणाले, "चिंतामण, हा सीझन असाच गेला तर मी शटर ओढून घेतो."

"साहेब, पत्र्यावर ऊन अडवणारा पांढरा लेप मारून घेतो. खाली पचमढीसारखं थंडगार करून दाखवतो."

लेपाचं काम लामता गावच्या दुलीचंदला दिलं. शनिवारी सकाळी त्याने शेवटचा हात मारला आणि तो जेवायला गेला. गोदाबाईंचे यजमान प्रेमलाल त्यांना कसंबसं समजावून दुपारी पुन्हा आणणार होते. त्याआधी मालकांना छताचा व्हिडिओ पाठवावा म्हणून मी शिडीवरून वर चढलो. कुणाला सांगितलं नाही. छत माझं, त्यात सांगायचं काय?

पुढच्या कडेला शोरूमची उंच पाटी आहे. तिच्यामागे एक पट्टा वाळलेला होता. तिथे बसून मी मोबाइल काढला, दोन वाक्यं बोललो, आणि मोबाइल तापून बंद पडला. माझं काही बिघडलं नाही, असं मनाशी म्हणत मी शिडीकडे वळलो. शिडी नव्हती. जेवून आलेल्या दुलीचंदला मी पाटीमागे दिसलो नाही. काम झालं म्हणून तो शिडी टेम्पोत टाकून गेला होता.

पलीकडून उतरायला काही आहे का बघायला दोन पावलं टाकली आणि ओल्या लेपावरून पाय सटकला. मी उताणा पडून तसाच घसरत गेलो. एका नटाला पँट अडकली म्हणून थांबलो, नाहीतर ही गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून ऐकावी लागली असती. रांगत पाटीमागे परत आलो तेव्हा माझा चेहरा तेवढा माझ्या रंगाचा राहिला होता, आणि तोही उन्हाने काळा पडत चालला होता.

ओरडलो. पण लाइट गेली होती आणि मागे जनरेटर धडधडत होतं. मग बूट काढून पत्रा बडवायला घेतला.

खाली काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. प्रेमलाल आणि गोदाबाई नुकतेच आले होते. डोक्यावर धाडधाड सुरू झाल्यावर आमचा सेल्समन कुशल त्यांना म्हणाला, "काही नाही काकू, लंगूर आहेत. अभी भगाते हैं."

गाडीच्या डिलिव्हरीसाठी ठेवलेला सुतळी बॉम्ब त्याने अंगणात लावला. वर मी दोन्ही बूट घेऊन बडवू लागलो.

"बाप रे, और आ गए," कुशल म्हणाला आणि दुसरा बॉम्ब काढू लागला.

गोदाबाईंनी त्याचा हात धरला. "खबरदार. आज शनिवार होय. आमी आत्ताच बजरंगबलीच्या देवळातून येऊन राह्यलो, आन् मांगंमांगं तेच आले. तुले समजत नाही काय?"

त्यांनी प्रसादाची केळी काढली आणि कुशलला वर फेकायला लावली. एक केळ पाटीवरून येऊन माझ्या मांडीवर पडलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी ते खाल्लं, आणि कुणीतरी आहे एवढं तरी खाली कळावं म्हणून साल पाटीपलीकडे टाकलं.

खाली सगळ्यांनी हात जोडले.

"घ्या हो गाडी," गोदाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "यापरस मोठा कौल कोणता पाह्यजे?"

हे मला वर कळतं तर मी गप्प बसलो असतो. पण मी बूट फेकला. रिसेप्शनवरच्या दीपिकाने तो उचलून पाहिला. "कुशल, ये तो सर का जूता है. सर कुठे आहेत?"

सर कुठेच नव्हते. माकडाने सरांना काहीतरी केलं, असं ठरलं. दीपिकाने रडत माझ्या बायकोला फोन केला आणि अलकनंदा स्कूटीवरून आली. तेवढ्यात लाइट आली आणि जनरेटर थांबलं.

"माकडानं बूट नेला असेल, पण माणूस नेला काय?" असं म्हणत तिने वर हाक मारली. "अहो, आहात का वर?"

"आहे," मी म्हणालो. लग्नात नाव घेतानाही माझा आवाज इतका भरून आला नव्हता.

दुलीचंदला बोलावून शिडी परत आणवली. "तुमी वर होते काय, साहेब? मले वाटलं घरी गेले," तो म्हणाला. मी उतरलो. अंग पांढरंफेक, तोंड काळं, पायात एक बूट. अलकनंदा पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळेही पुसत होती. मला मात्र प्रेमलालच्या हातातली नव्या गाडीची किल्ली दिसत होती. ती आता परत टेबलावर जाणार, हे मी धरून चाललो.

गोदाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "केळ कोणं खाल्लं?"

"मी."

"पूर्ण?"

"हौ."

"मंग ठीक आहे. प्रसाद वाया नाही गेला." त्या खुर्चीत टेकल्या, वर पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आज इथं थंड वाटून राह्यलं हो. मांगच्या वेळी मी मेली असती."

मी जमिनीवरच बसलो. फरशी खरंच गार होती. गाडी विकली गेली, पुढच्या आठवड्यात आणखी गेल्या आणि मालकांनी शटरचा विषय काढला नाही.

छत उत्तम झालं आहे. भर दुपारी येऊन बघा, सगळं शोरूम गार असतं. फक्त मी जिथे घसरलो तिथला लेप माझ्या पाठीबरोबर निघून आला आणि तेवढा पत्रा उघडा राहिला. त्याच्या बरोबर खाली माझी केबिन आहे. तुम्ही आलात तर आपण बाहेर बसू.