मोघे आणि टोमॅटो चोळलेला पाव

मोघ्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, व्हर्निअर कॅलिपर असतो. फॅक्टरीत असतो तसाच तो लग्नातही असतो. एकदा इथे सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, त्यांनी डोशाची जाडी मोजली, "मध्ये एक मिलिमीटर, कडेला अडीच. रिजेक्ट," असा निकाल दिला आणि मग तो सगळा डोसा खाल्ला. अन्न टाकायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. पहिला नियम म्हणजे, "तपासल्याशिवाय पास नाही."

तुआसच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कंपनीत पंपांचे सुटे भाग तयार होतात आणि मोघे ते तपासतात. मी प्रॉडक्शनमध्ये. म्हणजे मी करायचं आणि त्यांनी परत पाठवायचं, असं आमचं नातं. तरीही रोज सकाळी बून ले स्टेशनवरून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी त्यांच्याच शेजारी बसतो. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, खायला बंदी, म्हणून बसमध्ये बूड टेकलं की मोघे पिशवीतून स्टीलचे दोन डबे काढतात. एक त्यांचा, एक माझा. मी काही मागितला नव्हता. वर्षभरापूर्वी एका सोमवारी त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला, "खा" म्हणाले, आणि तेव्हापासून हे चालूच आहे. सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा, बुधवारी थालीपीठ, गुरुवारी शिरा, शुक्रवारी साबुदाण्याची खिचडी. आज वार कोणता हे मला कधीकधी डबा उघडल्यावर कळतं.

बायको मला घरून ओट्स खायला घालून पाठवते आणि वर हा डबा. वर्षात पँट दोनदा सैल करून घ्यावी लागली. मी रोज न चुकता सांगायचो, "मोघे, उद्या थोडं कमी आणा."

"कमी जमत नाही," ते म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. मला वाटायचं, काय हट्टी माणूस आहे!

बाहेरच्या नाश्त्यावर त्यांचा विश्वास नाही. वीस वर्षं सिंगापूरमध्ये काढली, पण इथला काया टोस्ट, म्हणजे नारळाचा जॅम लावलेला पाव, एकदाच खाल्ला. सोबत अर्धं उकडलेलं अंडं आलं. मोघे म्हणाले, "काम अर्धवट टाकून गिऱ्हाइकापुढे ठेवतात," आणि तो विषय कायमचा मिटला.

मोघ्यांची बायको फार लवकर गेली. मुलगी सई तेव्हा आठ वर्षांची होती. तिची शाळा इथेच, युनिव्हर्सिटी इथेच. मग ती संशोधनासाठी स्पेनला गेली, एका वर्षाच्या बोलीवर. रोज आमच्या दुपारी तीनला, म्हणजे तिच्या सकाळी, ती नाश्त्याचा फोटो पाठवते. मोघे इन्स्पेक्शन टेबलावर फोन ठेवून तो फोटो मोठा करतात.

"बघा बापट. एक पाव. त्यावर लाल डाग. हा काय नाश्ता झाला?"

वर्ष संपत आलं तेव्हा सईला तिथेच आणखी तीन वर्षांची नोकरी देऊ केली. तिने फोन करून विचारलं, "बाबा, घेऊ का?" मोघे हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. स्पीकर चालू होता, म्हणून मी पुढचं स्वतः ऐकलं.

"उपाशीपोटी संशोधन होत नाही. मी आधी तो नाश्ता तपासतो, मग सांगतो."

"बाबा, रिलॅक्स ला! इट्स जस्ट ब्रेकफास्ट. मला सोमवारपर्यंत कळवायचंय." स्पेनला जाऊनही तिचा सिंगापुरी 'ला' सुटला नव्हता.

"रविवारी तपासतो," मोघे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तपासणीला दोन सह्या लागतात. तुम्ही चला."

रविवारी सकाळी नऊला आम्ही एका छोट्या स्पॅनिश कॅफेत जाऊन बसलो. मोघ्यांनी कंपनीचा इन्स्पेक्शनचा कोरा फॉर्म आणला होता. वेट्रेस साठीच्या घरातली चिनी आंटी होती. तिने ताटलीत भाजलेले पाव, अर्धा चिरलेला टोमॅटो, लसणीची एक पाकळी, मीठ आणि ऑलिव्ह तेलाची बाटली आणून ठेवली. दुधाची कॉफी आली. बाकी काही नाही.

मोघ्यांनी पावाची जाडी मोजली. मग सुरी घेतली. टोमॅटो बारीक चिरला, लसूण ठेचली, त्यावर मीठ घातलं, तेल सोडलं आणि चमच्याने कालवलं. आंटीला हाक मारून कांदा आणि कोथिंबीर मागितली. बघता बघता सिंगापुरातल्या स्पॅनिश कॅफेत कोशिंबीर तयार झाली.

आंटी धावत आली. "अयो अंकल! व्हाय यू कट? नो कटिंग ला! रब, रब!"

तिने दुसरा टोमॅटो आणला, पावावर आधी लसूण घासली, मग टोमॅटो असा चोळला की हातात नुसतं साल उरलं. वर तेलाची धार, मिठाची चिमूट. मोघ्यांनी ते साल उजेडात धरून पाहिलं.

"वाया काही नाही," ते पुटपुटले.

पहिला घास घेतला आणि ते चावायचे थांबले. मग पुन्हा चावू लागले. एक पाव संपला, दुसरा संपला. कोशिंबीरही संपली, कारण नियम दोन.

"भाकरीवर तेल, मीठ, लसूण. आमची आई शेतावर जाताना हेच द्यायची."

"मग? दोष काय लिहायचा?" मी गमतीने विचारलं.

"दोष नाही."

माझे शेकडो नग हसत हसत नापास करणारा हा माणूस हे बोलला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं, फॉर्मवर 'पास' लिहिलं आणि खाली सही केली.

"मला वाटलं होतं नापास होईल," ते म्हणाले. "मग तिला हक्काने सांगता आलं असतं, ये परत." कॉफीचा कप त्यांनी उगाचच फिरवला. "वर्ष झालं, बापट. मी अजून दोघांचेच पोहे भिजवतो. एकाचे जमत नाहीत हो."

वर्षभर मी सईचा डबा खात होतो आणि वर तक्रार करत होतो. मला माझीच लाज वाटली. मी दुसरी सही केली. मोघ्यांनी फॉर्मचा फोटो काढून सईला पाठवला. स्पेनमध्ये तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

"उठल्यावर बघेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. बसमध्ये डबा उघडला तर पोहे नव्हते. टोमॅटो चोळलेला पाव होता, वर कोथिंबीर आणि बारीक चिरलेली हिरवी मिरची.

"वेळापत्रक मोडलंत?"

"आजच्या दिवस. ती आज हेच खाणार आहे, मिरची घालून. तशी सूचना दिलीय." मग हळूच म्हणाले, "नोकरी घेतली तिने."

मी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं आणि डबा पुसून परत दिला.

"उद्या मंगळवार," मी म्हणालो. "उपमा ना?"

"उपमाच."

"थोडा जास्त आणा."

मोघे खिडकीबाहेर बघत होते, ते माझ्याकडे वळले.

"जास्त जमेल," म्हणाले.